जुना फ्लॅट घेऊन, नीट करून, नफ्यात विकायचा असेल तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी ह्या भागात ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्या भरपूर आहेत. तीन-चार मजले, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आत मोझॅकच्या फरश्या, कडप्प्याचा ओटा, बाथरूममध्ये कमरेपर्यंतच टाइल्स. मूळ मालक आता सत्तरीचे, मुलं बंगलोरला नाहीतर अमेरिकेत, त्यामुळे असे फ्लॅट सतत विकायला येतात आणि बघताक्षणी कोणाला आवडत नाहीत म्हणून दर थोडा खाली असतो. असा फ्लॅट घेऊन, काम करून पुन्हा विकायचा हा उद्योग मी आणि माझे दीर मिळून करतो. भाऊजी सिव्हिलवाले आहेत, साइट त्यांच्याकडे, कागद आणि हिशोब माझ्याकडे. खूप जण विचारतात की हे नेमकं कसं करायचं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. रिसेलचा फ्लॅट बघायला येणाऱ्या माणसाला सुंदर घर हवं असतंच, पण त्याच्या मनात त्याहून जास्त भीती असते. गळत असेल का, पाइप कुजले असतील का, कागदात काही भानगड असेल का, घेतल्यावर परत दोन-चार लाख घालावे लागतील का. ह्यातली जेवढी भीती तुम्ही पुराव्यासकट काढून टाकाल तेवढा भाव वाढतो. झुंबर लावून वाढत नाही.

आधी कागदावर हिशोब, मग बाकीचं

समजा फ्लॅट 60 लाखांना मिळतोय. पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार (1 टक्का असतं पण 30 हजारांच्या वर जात नाही). ब्रोकर 1 टक्का धरा, 60 हजार. वकील आणि सोसायटी ट्रान्सफर मिळून 30 हजार. काम 6 लाखांचं. 40 लाखांचं लोन 9 टक्क्यांनी असेल तर महिन्याला अंदाजे 30 हजार नुसतं व्याज, आठ महिन्यांचं 2 लाख 40 हजार. मेंटेनन्स, लाइट बिल, घरपट्टी 30 हजार. विकताना परत ब्रोकर, समजा 80 लाखांना विकला तर 80 हजार. बेरीज केली तर 74 लाख 90 हजार, म्हणजे 60 ला घेऊन 80 ला विकला तरी हातात 5 लाख 10 हजार, आणि ते पण टॅक्सच्या आधी. लोकांच्या डोक्यात मात्र '20 लाख सुटले' असतं!

ह्याच हिशोबात विकायला अजून आठ महिने लागले असं धरून बघा, व्याज आणि मेंटेनन्सचे 2 लाख 70 हजार अजून गेले, नफा निम्म्याहून कमी झाला. म्हणून ह्या धंद्यात वेळ हाच सगळ्यात महाग माल आहे. आणि म्हणूनच खरेदीचा भाव घासाघीस करून खाली आणणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे वाचलेले दोन लाख थेट तुमचे, ते परत कमवायला टाइल्स लावाव्या लागत नाहीत.

फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे. आधी अशी अट होती की 15 वर्षं पुरुषाला विकायचा नाही, ती 2023 मध्ये काढून टाकली. म्हणजे वरच्या उदाहरणात 60 हजार वाचले. लोन घ्यायचं असेल तर फ्लोटिंग रेटचंच होम लोन घ्या, वैयक्तिक कर्जदाराला त्यावर लवकर फेडल्याचा दंड लागत नाही.

फ्लॅट बघायला जाताना

शक्यतो पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्यावर लगेच बघा. मे महिन्यात सगळेच फ्लॅट कोरडे असतात. कपाटाच्या मागे, माळ्यावर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बघा, पोपडे आलेत का, पांढरी बुरशीसारखी खारी पावडर सुटलीये का. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला दिसला की तिथे हात लावून बघायचाच. टॉप फ्लोअर असेल तर गच्चीवर जा, ब्रिकबॅट कोबा (वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) कुठे फुगलाय, कुठे पाणी साठतं ते बघा, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या हातात असतं आणि सोसायटीकडे फंड नसेल तर तुम्ही आतून कितीही रंग मारा, पुढच्या जुलैत डाग परत येणार.

आणि एक काम जे कोणीच करत नाही ते म्हणजे खालच्या मजल्यावरच्या लोकांची बेल वाजवा. "काका, वरचा फ्लॅट आम्ही बघतोय, तुमच्या बाथरूमच्या छताला काही ओल येते का?" एवढंच विचारायचं. लोक आनंदाने आत नेऊन दाखवतात, वर्षानुवर्षं त्यावरून भांडण चालू असेल तर तेही सांगतात. मोफत मिळालेला सगळ्यात खरा रिपोर्ट असतो तो.

कॉलम आणि बीमला उभ्या-आडव्या भेगा, आतली गंजलेली सळई दिसणं, काँक्रीट फुगून सुटलेलं असणं, असं काही दिसलं तर सरळ निघून यायचं. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का विचारा. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 च्या वरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं.

आता रिडेव्हलपमेंट. ह्यावर थोडं थांबा, कारण पुण्यात ह्या भागांत सगळा खेळ ह्यावर फिरतो. सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली असेल, बिल्डरच्या ऑफर्स आल्या असतील, तर घेणारा तुमचा फ्लॅट घेतच नसतो, तो कार्पेट एरिया आणि उद्या मिळणारा वाढीव एरिया घेत असतो. तुमच्या नव्या टाइल्सचे तो एक रुपया देणार नाही, दोन वर्षांत त्या पाडायच्याच आहेत. अशा ठिकाणी रिनोव्हेशनचा विचार सोडून द्या. उलट जिथे रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, बिल्डर फिरकत नाही, पण इमारत मात्र मजबूत आणि मेंटेन केलेली आहे, तिथे लोक राहण्यासाठीच घर घेतात आणि तिथे काम केलेल्या फ्लॅटला खरी किंमत मिळते. सोसायटीच्या गेल्या दोन-तीन एजीएमची (वार्षिक सभांची) मिनिट्स वाचायला मागा, पाच मिनिटांत अंदाज येतो.

कागद: आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), घरपट्टीची पावती, सोसायटीचा नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला), आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध). मूळ मालक वारलेले असतील तर वारसांचं काय ते पूर्ण मिटल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. फ्लॅट कितीही स्वस्त असू दे, कारण तुमच्या गिऱ्हाइकाला पण बँकेचं लोन लागणारे आणि त्याची बँक हेच कागद मागणारे.

परवानगी आणि शेजारी

काम सुरू करायच्या आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, काय काय करणार त्याची यादी जोडून. बहुतेक सोसायट्या डिपॉझिट घेतात, दुपारची वेळ बंद ठेवायला सांगतात, रविवारी तोडफोड नको म्हणतात, सगळं पाळा. कॉलम, बीम, बाहेरची भिंत ह्यांना हात लावायचा नाही, बाल्कनी आत घेण्याचा मोह टाळा. बेकायदा बदल असलेला फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाच्या बँकेचा इंजिनियर व्हॅल्युएशनला येतो, मंजूर नकाशा हातात घेऊन, आणि तिथे अडतं. आतली अर्ध्या विटेची पार्टिशन भिंत काढायची असेल तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा आणि त्याचं पत्र फाइलला लावा.

राडारोडा पोत्यात भरून, त्याच दिवशी उचलायचा ठराव गाडीवाल्याशी आधीच करून ठेवा. जिन्यात सिमेंट सांडलं तर संध्याकाळी धुवून घ्यायचं. हे सांगायचं कारण असं की विकताना गिऱ्हाईक खाली पार्किंगमध्ये कोणाला तरी विचारतंच, आणि तेव्हा शेजारी काय बोलतात त्याला फार किंमत असते.

बाथरूम आणि पाइप: बजेटचा मोठा वाटा इथे

जुन्या इमारतीत जीआय (लोखंडी) पाइप असतात, आतून गंजून भोक काडीएवढं झालेलं असतं, नळाला धार येत नाही ती त्यामुळे. ते अर्धवट ठेवून वरून टाइल्स लावणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं आहे, आणि तसं काम आम्ही करत नाही. सगळे काढून सीपीव्हीसीचे (न गंजणारे प्लास्टिकचे) पाइप टाका, ड्रेनेजला एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप).

पद्धत अशी. आधी सगळ्या टाइल्स आणि गिलावा विटेपर्यंत काढायचा. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि वर विटांचे तुकडे, भराव भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला असतो, तो पूर्ण उपसून काढा, वरवर नको. स्लॅब कोरडा होऊ द्या. जुना नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, पाणी वाहून जायचं भांडं) बदला, गळतीची मुळं बहुतेक वेळा तिथेच असतात, ट्रॅप आणि स्लॅबच्या सांध्यात. मग सांधे ग्राउटने भरून वॉटरप्रूफिंगचे कोट, भिंतीवर पण निदान फूट-दीड फूट वर चढवायचे, शॉवरच्या भिंतीला त्याहून वर.

ह्यानंतर पाण्याची टेस्ट, आणि ती होईपर्यंत टाइलवाल्याला साइटवर पाऊल ठेवू द्यायचं नाही. ट्रॅपचं तोंड बंद करायचं, उंबऱ्याशी विटांचा छोटा बांध घालायचा, तीन-चार इंच पाणी भरायचं आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. 48 तास तसंच. मग रेघ बघायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताला हात लावून बघायचा, भाऊजी तर खालच्या काकूंनाच स्टुलावरून बघायला लावतात म्हणजे नंतर वाद नको. भरलेल्या पाण्याचा, रेघेचा, खालच्या कोरड्या छताचा तारखेसकट फोटो काढा. हे फोटो विकताना सोन्याच्या भावाचे आहेत.

पाइपची पण प्रेशर टेस्ट घ्या, भिंती बंद व्हायच्या आधी. आणि भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, शेजारी मेजर टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवरून गेलाय ते कळतं. नवा मालक उद्या आरसा लावायला ड्रिल मारेल तेव्हा त्याला हेच लागणारे.

टाइल्स छतापर्यंत किंवा निदान सात फुटांपर्यंत, हलका रंग, जमिनीला मॅट फिनिश. उतार ट्रॅपकडे हवा, बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात तळं राहता कामा नये. नळ, शॉवर नावाजलेल्या कंपनीचे साधे मॉडेल घ्या, स्पेअर पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील असे.

वायरिंग आणि खिडक्या

जुनी वायरिंग लाकडी पट्टीवरची असेल तर सगळी बदला. लाइट-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएमची वायर, प्लग पॉइंटला 2.5, एसी आणि गिझरला 4, वेगळ्या एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), आणि मेनला 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारी). अर्थिंग खरंच आहे का मीटरपर्यंत जाऊन तपासा. भिंतीत खाच मारली की ती भरताना वर जाळी लावायला सांगा, नाहीतर रंगावर बरोबर त्या रेषेत तडा जातो. पॉइंट मात्र भरपूर द्या: पलंगाच्या दोन्ही बाजूंना, ओट्यावर मिक्सर-मायक्रोवेव्ह-वॉटर फिल्टर तिन्ही एकदम चालतील असे, दारापाशी राउटरला. पॉइंट मोजणारी गिऱ्हाइकं असतात.

जुन्या लोखंडी खिडक्या काढून थ्री ट्रॅक ॲल्युमिनियम स्लायडिंग लावा, तिसरा ट्रॅक मच्छरदाणीचा. बाहेरून उंबरठ्याला उतार आणि सिलिकॉन नीट, नाहीतर पावसाचं पाणी इथूनच आत येतं.

फरशी

मोझॅक चांगला असेल, कुठे बसलेला नसेल, नाण्याने ठोकून पोकळ वाजत नसेल, तर तो घासून पॉलिश करून घेणं हा पर्याय जरूर बघा, खर्च खूप कमी आणि दिसतो सुंदर. तरीही पुण्यातलं बहुतेक गिऱ्हाईक व्हिट्रिफाइड टाइल्स मागतं हे मान्य करावं लागेल. दोन बाय चार फूट हल्ली चालतं पण लहान खोल्यांत दोन बाय दोन पुरे. जुन्या फरशीवरच टाइल ॲडहेसिव्हने लावता येते, तोडफोड आणि राडारोडा वाचतो, फक्त दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा, बाल्कनीचा उतार ह्यांच्या लेव्हल आधी बघाव्या लागतात. एकच फरशी सगळ्या घरात टाका, घर मोठं दिसतं.

किचन

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, खोल सिंक, भिंतीला टाइल्स दोन फूट तरी. ट्रॉलीचं काम करायचं तर सिंकखाली आणि आसपास आयएस 710 मार्कचं (पाण्याला टिकणारं) प्लाय वापरा, बाकीकडे आयएस 303 मार्कचं साधं चालतं. वरची कपाटं अगदी गरजेपुरती. महागडं मॉड्युलर किचन करू नका, कारण किचन ही प्रत्येक घरातल्या बाईची स्वतःची आवड असते, ती तुमची ट्रॉली काढून दुसरी लावेल. तिला हवंय ते म्हणजे पाण्याचा जोर, उजेड, एक्झॉस्टची जागा, पाइप गॅस आणि फ्रिज उघडल्यावर दार न आपटणं. लोक वास्तू विचारतातच, ओटा कुठल्या दिशेला, देवघर कुठे बसेल. दिशा बदलता येत नाही पण ईशान्य कोपऱ्यात देवघराला जागा आणि एक पॉइंट ठेवता येतो.

रंग आणि सजावट

रंग सगळ्यात शेवटी. ओल असलेल्या भिंतीवर पुट्टी मारायची नाही, ओलीचं कारण बंद करून भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबा, मग दोन हात पुट्टी, घासणं, प्रायमर, आणि इमल्शनचे दोन हात. डिस्टेंपर लावून पैसे वाचवू नका, तो पुसता येत नाही. रंग ऑफ व्हाइट किंवा अगदी फिका, सगळीकडे एकच. जांभळी भिंत, टेक्सचर, तीन पदरी पीओपी ह्यात घातलेले पैसे परत येत नाहीत. ज्याला हौस आहे तो स्वतः करेल.

सजावट म्हणजे मी फक्त एवढं करते: मुख्य दार नवीन किंवा पॉलिश केलेलं, चांगलं लॅच, बेल चालू, दारावरचा लाइट. सगळीकडे चांगला उजेड देणारे दिवे, हलके पडदे, हॉलमध्ये एक साधा सोफा किंवा दिवाण आणि बेडरूममध्ये एक डबल बेड. बेड ठेवायचा कारण रिकाम्या खोलीत बेड बसेल की नाही हे लोकांना कळत नाही, ठेवला की प्रश्नच मिटतो. बाल्कनीत दोन कुंड्या.

विकायला काढताना

विकायला काढायची वेळ गुढीपाडवा किंवा दसरा-दिवाळीच्या आसपास येईल असं काम आखा, पितृपक्षात लोक टोकन देत नाहीत. कारागीर होळी, छटपूजा, गणपतीला गावी जातात, ते दिवस आधीच वजा करा.

फोटो सकाळच्या उन्हात, दिवे लावून, आडवे. कार्पेट एरिया खरा लिहा. ब्रोकर महारेरा नोंदणी असलेला घ्या. आणि भाव ठरवताना पोर्टलवरच्या मागण्या बघू नका, त्या फक्त मागण्या आहेत. त्याच सोसायटीत, शेजारच्या गल्लीत खरंच झालेले व्यवहार नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू मध्ये बघता येतात, ते बघा. कोणी बघायला आलं की आधी घर बघू द्या, मग टेबलावर फाइल ठेवा: कागदांच्या प्रती, पाण्याच्या टेस्टचे फोटो, पाइप-वायरिंगचे फोटो, वॉरंटी कार्ड, बिलं. फाइल बघितल्यावर लोक 'अजून पाच लाख कमी करा' म्हणत नाहीत असं नाही, पण पाचाचे दोन होतात.

व्यवहार आणि टॅक्स

ॲग्रीमेंट पूर्ण रकमेचं करा. रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत ॲग्रीमेंटच्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर असेल तर तुमचा टॅक्स रेडी रेकनरवरच मोजला जातो आणि घेणाऱ्याला पण फरकावर लागू शकतो. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड आहे. 50 लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर दिसतोय ना ते तपासा.

फ्लॅट 24 महिन्यांच्या आत विकला तर नफा तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये असाल तर 30 टक्के. 24 महिन्यांनंतर लाँग टर्म, 12.5 टक्के, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता). (23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला 20 टक्के इंडेक्सेशनसह हा पर्याय आहे.) म्हणून काही जण काम करून दोन वर्षं स्वतः त्या घरात राहतात आणि मग विकतात. व्याज आणि भाडं दोन्हीचा विचार केला तर स्वतःला घर हवंच असेल त्यांच्यासाठी हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. पण हे वारंवार करत असाल तर आयकर खातं त्याला धंद्याचं उत्पन्न धरू शकतं, तेव्हा पहिल्याच फ्लॅटच्या आधी सीएला गाठा.

घर सुधारण्याचा खर्च नफ्यातून वजा होतो, पण पुरावा लागतो. गवंडी, प्लंबर, सुतार सगळ्यांना पैसे बँकेतून द्या, कच्ची चिठ्ठी नको, बिल घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या थर्मल पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात, त्या त्याच दिवशी मोबाइलमध्ये स्कॅन करून तारखेप्रमाणे ठेवा.

सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेऊ शकत नाही, त्याहून जास्त 'देणगी' मागितली तर 9 ऑगस्ट 2001 चा सरकारी आदेश दाखवा. विक्रीला सोसायटीची एनओसी उपविधीप्रमाणे लागत नाही, पण घेणाऱ्याची बँक मागते, त्यामुळे अर्ज आधीच टाकून ठेवा. रजिस्ट्रेशन झालं, पूर्ण रक्कम खात्यात आली की ताबा द्या, आणि शेअर सर्टिफिकेट, महावितरण, घरपट्टी, गॅस ह्या चारही ठिकाणी नाव बदलायचे फॉर्म त्याच दिवशी सह्या करून नव्या मालकाच्या हातात द्या. ते बदललं नाही तर थकबाकीच्या नोटिसा तुमच्याच नावाने येत राहतात.